केंद्रात कुत्रा चालत नाही, मग अप्पांनी काय करायचं?

प्रिय वैशाली,

खुब्याचं हाड मोडल्यापासून तुझे सासरे, अप्पा, इंदूरमधल्याच एका वृद्ध सेवाकेंद्रात आहेत. जेवणखाण, औषधं, सगळं वेळच्या वेळी; पण बोलणं आटलंय. तुम्ही भेटायला गेलात की एकच प्रश्न, "काळू जेवला का?" केंद्रात कुत्रा चालत नाही. यजमान म्हणतात, अप्पांना पोपट घेऊन देऊ आणि काळूला देवासच्या शेतावर धाडू. आणि तू विचारतेस, एवढी माणसं असताना जीव कुत्र्यात का अडकावा?

माणसं त्यांचं सगळं करतात, म्हणूनच गं! तिथे त्यांना कुणीतरी उठवतं, पुसतं, गोळ्या देतं. ज्याचं अप्पा करायचे असा काळू एकटाच. तूच लिहिलंयस, सकाळी पोह्यांवरची शेव टेबलाखाली सारायची आणि तू वळून पाहिलंस की दोघांचेही चेहरे साळसूद. (तिखट-मीठ कुत्र्याला बाधतं, पण ते असो.) अप्पांच्या हातचं ते काम गेलंय.

१९९१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन गावात बिल थॉमस या डॉक्टरांनी एका नर्सिंग होममध्ये दोन कुत्री, चार मांजरं आणि तब्बल शंभर पक्षी आणले. पक्ष्यांना तिथल्या वृद्धांनीच नावं दिली, आणि खोलीबाहेर न पडणारे लोक "कुत्र्याला मी फिरवून आणतो" म्हणू लागले. दक्षिण कोरियात तर एका प्रयोगात वृद्धांना रातकिडे पाळायला दिले होते. मनाची मरगळ तेवढ्यानेही थोडी कमी झाली!

तेव्हा केंद्राच्या संचालकांकडे "कुत्रा आत आणू का" असं विचारूच नकोस. आठवड्यातून एकदा, अंगणात, अर्धा तास भेट माग. सोबत रेबीजच्या लशीचं कार्ड ने. आदल्या दिवशी काळूला आंघोळ घाल, नखं कापून घे. अप्पा वॉकर धरून उभे असताना त्याला जवळ आणायचं नाही. साखळी पायात आली तर पुन्हा हाड मोडायचं. त्यांना खुर्चीत बसव आणि मांडीवर जाड चादर टाक. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो. कुत्र्याला घाबरणाऱ्या आजी-आजोबांपासून लांबचा कोपरा निवड. मग काळूचा ब्रश अप्पांच्या हातात दे आणि तू जरा बाजूला हो.

परवानगी नाहीच मिळाली तर फोनवर काळू दाखव, पण नुसता दाखवू नकोस. त्याला खाज सुटलीय, काय करू? लस कधी द्यायची? हे अप्पांनाच विचार, आणि ते सांगतील तसं कर.

पोपटाचं म्हणशील तर आपला हिरवा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बाजारात लव्हबर्ड म्हणून विकतात ते छोटे परदेशी पोपट, म्हणजे बजरीगर, पाळता येतात, पण अप्पांना हवे असतील तरच.

काळूला देवासला धाडायचं की नाही, हे यजमानांनी परस्पर ठरवू नये. कुत्रा अप्पांचा आहे. त्यांच्यासमोर बसून विचारावं.

तुझी,
मावशी