शाळेच्या नावातलं ‘इंटरनॅशनल’

प्रश्न : मुलीला पहिलीत घालायचं आहे. घराजवळची इंटरनॅशनल शाळा ‘आम्ही आयबी कँडिडेट आहोत’ असं सांगते. फी भरून टाकावी का? – एक पालक, पुणे

उत्तर : जरा थांबा. ‘इंटरनॅशनल’ हा शब्द पाटीवर कुणीही लिहितं. अशा नावाच्या कित्येक शाळा प्रत्यक्षात सीबीएसईच्या असतात. आयबी म्हणजे ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. कँडिडेट म्हणजे त्याच्या मान्यतेच्या वाटेवर, आणि ती मिळेलच असं नाही. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव स्वतः शोधा. पीवायपी (प्राथमिक), एमवायपी (माध्यमिक), डीपी (अकरावी-बारावी) या आयबीच्या टप्प्यांची मान्यता वेगवेगळी असते. नुसती पीवायपी असेल, तर साधारण पाचवीनंतर काय, हे आत्ताच विचारा. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांकही (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) मागा. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो.

फीचा तक्ता लेखी घ्या. बस, जेवण, सहली, टॅबलेट हे बहुधा मागाहून कळतं. महाराष्ट्राच्या २०११ च्या फी कायद्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जावा लागतो. तो गेला होता का? प्रवेशासाठी देणगी मागणं किंवा मुलाची चाचणी घेणं आरटीई (शिक्षणहक्क) कायद्याच्या कलम १३ नुसार बेकायदा आहे.

शाळा बघायला जाल तेव्हा पोहण्याचा तलाव राहू द्या, मुलांच्या वह्या उघडून बघा. वर्गशिक्षिका किती वर्षं टिकतात, तेही विचारा.