वाचकांचे प्रश्न : शेकडो फायलींत एकच बदल

प्रश्न : सी भाषेतल्या प्रोजेक्टमध्ये एका फंक्शनचं नाव बदलायचं होतं. लिनक्सवर 'फाइंड' या कमांडने फायली शोधून, नावांची यादी दुसऱ्या कमांडला देणाऱ्या 'एक्सआर्ग्ज'मार्फत 'सेड'ला, म्हणजे मजकूर बदलणाऱ्या कमांडला, दिल्या. काही फायलींना 'अशी फाइल नाही' असं उत्तर आलं. नंतर प्रोजेक्ट कंपाइल करून देणारं 'मेक' चालवलं, तर सगळा प्रोजेक्ट पहिल्यापासून कंपाइल झाला. असं का?

उत्तर : कारणं दोन आहेत. एक्सआर्ग्ज मिळालेला मजकूर स्पेस, टॅब आणि ओळ संपते तिथे तोडतं. फोल्डरच्या नावात स्पेस असली की एका फाइलीची दोन नावं होतात आणि दोन्ही सापडत नाहीत. फाइंडला 'हायफन प्रिंट शून्य' आणि एक्सआर्ग्जला 'हायफन शून्य' द्या. मग नावांच्या मध्ये नल बाइट (शून्य मूल्याचा बाइट) येतो. तो फाइलीच्या नावात कधीच असू शकत नाही, म्हणून हा मार्ग बिनधोक.

दुसरं कारण सेडचं. 'हायफन आय' (फाइल जागच्या जागी बदला) दिलं की सेड प्रत्येक फाइल नव्याने लिहितं, आत काही बदललं नसलं तरी. फाइलीची वेळ बदलते, आणि मेक वेळ पाहूनच काय कंपाइल करायचं ते ठरवतं. म्हणून मध्ये ग्रेपची, म्हणजे मजकूर शोधणाऱ्या कमांडची, चाळण लावा : 'हायफन एल'ने फक्त फायलींची नावं मिळतात, 'हायफन डब्ल्यू'ने पूर्ण शब्दच जुळतो, आणि 'हायफन हायफन नल'ने नावं पुन्हा नल बाइटने वेगळी होतात. ती दुसऱ्या एक्सआर्ग्जमधून सेडला द्या. सेडच्या नमुन्यातही शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'बॅकस्लॅश बी' (शब्दाची सीमा) हवं, नाहीतर त्याच फायलीतल्या लांब नावांचे तुकडेही बदलतील. हेडर फायली (फंक्शनची घोषणा असते त्या) विसरू नका.

फाइंडला दिलेला फाइलनावाचा नमुना अवतरणात ठेवा. नाहीतर शेल (तुमची कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) तो आधीच उलगडतं, आणि चालू फोल्डरमध्ये जुळणारी एकच फाइल असली तर शोध तेवढ्याच नावाचा होतो, तोही एरर न दाखवता. एरर आली असती तर बरं! नमुना न देता सरसकट सगळ्या फायली सेडला देणं सर्वांत घातक : कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या लपलेल्या फोल्डरमधल्या फायलीही बदलू शकतात आणि रिपॉझिटरी (ती सगळी नोंद) मोडू शकते. आधी कमिट (गिटमध्ये नोंद), मग बदल, मग 'गिट डिफ'ने फरक पाहा. मॅकवर 'हायफन आय'नंतर स्पेस देऊन रिकामं अवतरण द्यावं लागतं. तिथल्या सेडला 'बॅकस्लॅश बी'ही कळेलच असं नाही.

प्रश्न : सगळ्या फायलींच्या ओळी एक्सआर्ग्जमार्फत 'डब्ल्यूसी' या मोजणाऱ्या कमांडने मोजल्या. शेवटची बेरीज फारच कमी आली.

उत्तर : नावं जास्त असली की एक्सआर्ग्ज डब्ल्यूसी अनेकदा चालवतं. दर खेपेला वेगळी बेरीज छापली जाते. तुम्ही पाहिली ती शेवटच्या खेपेची. एक्सआर्ग्जने फायली 'कॅट'ला (फायलींचा मजकूर सलग देणाऱ्या कमांडला) द्या आणि कॅटचा सगळा मजकूर एकाच डब्ल्यूसीकडे पाठवा.