सल्फर गेलं कुठे, ते आधी सांगा

सच्छिद्र टायटॅनियम डायऑक्साइड वापरून इंधनातलं सल्फर काढण्याबद्दल मागच्या वेळी लिहिलं, तेव्हापासून 'रेणू बदलला म्हणजे सल्फर गेलं' हाच गोंधळ वाचकांच्या प्रश्नांतून वेगवेगळ्या नावांनी येतोय. म्हणून थोडक्यात परत: तेलात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ही पावडर टाकून ५०-६० डिग्रीला ढवळलं की सल्फरवाल्या रेणूला दोन ऑक्सिजन चिकटतात, त्याचं सल्फोन बनतं. ते सल्फोन नंतर वेगळं काढावं लागतं. आपोआप नाहीसं होत नाही.

पेंटमधलं टायटॅनियम स्वस्तात मिळतं, तेच वापरलं तर चालेल का? (विद्यार्थी, विद्याविहार)

नाही. पेंटचा माल बहुतेक रुटाइल (टायटॅनियम डायऑक्साइडचा एक स्फटिक-प्रकार) असतो आणि त्यावर सिलिका-अल्युमिनाचा थर मुद्दाम दिलेला असतो, त्याने काही रिअॅक्शन करू नये म्हणूनच.

गॅरेजवाला म्हणतो या पावडरीचं पाकीट टाकीत टाका, सल्फर जातं, अॅव्हरेज वाढतं. टाकू का? (टेम्पोचालक, कुर्ला)

अजिबात नको. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आहे, त्यात सल्फर १० पीपीएमपर्यंतच, म्हणजे किलोमागे १० मिलिग्रॅम. त्यातून हा माणूस काय काढणार आहे? उलट बारीक पावडर फिल्टरमध्ये आणि इंजेक्टरमध्ये जाऊन बसेल. कोणीतरी टाकून फायदा झाला असं ऐकलंय, हा पुरावा होत नाही. आधीच टाकलं असेल तर गाडी सुरू करू नका, आजच सर्व्हिस सेंटरला फोन करा, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका.

उन्हात ठेवलं तर पेरॉक्साइडशिवाय होईल का? गच्चीवर करून बघायचंय. (डोंबिवली)

अॅनाटेझला, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या दुसऱ्या स्फटिक-प्रकाराला, काम करायला साधारण ३८८ नॅनोमीटरच्या आतल्या तरंगलांबीचा उजेड लागतो, उन्हात असा यूव्ही जेमतेम चार-पाच टक्के, आणि त्यातलाही बराचसा डिझेल स्वतःच गिळतं. गच्चीवर उघडं इंधन ठेवू नका. कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांना विचारून करा.

माझ्या मेसोपोरस (बारीक छिद्रांच्या) टायटॅनियाने ऑक्टेनमधलं (डिझेलऐवजी घेतलेला साधा द्रव) ५०० पीपीएम सल्फर ९८ टक्के गेलं. खरं डिझेल थीसिस सबमिट झाल्यावर बघू असं ठरलंय. चालेल ना? (एमएस्सी, पवई)

नाही चालणार, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण दरवर्षी हेच बघते. ९८ टक्के कशावरून? जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) डायबेन्झोथायोफीनचा, म्हणजे त्या सल्फरवाल्या रेणूचा, पीक गेला म्हणून? पीक जाणारच, रेणू बदललाय. सल्फर मात्र बाटलीतच आहे. एकदा एक मुलगी अशीच खुशीत बाटली घेऊन आली होती, मी ती खिडकीशी उजेडात धरली तर तळाला पावडरीच्या वर सुयांसारखे पांढरे स्फटिक दिसत होते. तेच सल्फोन! तिचं सगळं सल्फर तिथे बसलं होतं आणि तक्त्यात मात्र 'निघालं' असं लिहिलेलं.

ऑक्टेनमध्ये सल्फोन विरघळत नाही म्हणून निदान दिसतं तरी, खऱ्या डिझेलमध्ये अॅरोमॅटिक्स (बेन्झीनसारखे कडीवाले रेणू) असतात, तिथे बरंचसं विरघळून राहतं आणि डोळ्याला काहीच कळत नाही. म्हणून टोटल सल्फर मोजा, यूव्ही फ्लुरोसन्सवर, रिअॅक्शननंतर एकदा आणि अॅसिटोनायट्राइलने (सल्फोन विरघळवून घेणारं सॉल्व्हंट) धुतल्यावर परत एकदा. शिवाय पावडर न घालता नुसतं अॅसिटोनायट्राइलने धुऊन बघा, त्यानेही बरंच डायबेन्झोथायोफीन उतरतं आणि त्याचं श्रेय लोक कॅटॅलिस्टला, म्हणजे पावडरीला, देऊन मोकळे होतात. वापरलेली पावडर न धुता परत वापरा, छिद्रांत सल्फोन साठलं की आकडा कसा पडतो ते दिसेल. आणि खऱ्या डिझेलमध्ये नायट्रोजनवाले रेणू आणि ओलेफिन्स (दुहेरी बंधाचे रेणू) असतात, त्यांच्यामागेही पेरॉक्साइड खर्च होतं, हे सबमिशननंतर कळून काय उपयोग? गाईडशी याच आठवड्यात बोला.

मग माहुलच्या रिफायनऱ्या हे का वापरत नाहीत? (चेंबूर)

तिथे हायड्रोजन देऊन ३००-४०० डिग्रीला, मोठ्या दाबाखाली सल्फर हायड्रोजन सल्फाइड म्हणून काढतात, बाकीचा रेणू तेलातच राहतो. सल्फोन काढलं तर अख्खा रेणू जातो: टनभर तेलातलं अर्धा किलो सल्फर काढताना जवळजवळ तीन किलो तेलही त्याच्याबरोबर गेलं.

जुन्या टायरपासून तेल काढायचं छोटं युनिट आहे, सल्फर एक टक्का. सप्लायर म्हणतो ग्रॅममागे ३०० स्क्वेअर मीटर पृष्ठभागाची पावडर, पेरॉक्साइडचे ड्रम मागवा, लगेच सुरू करा. (तळोजा)

थांबा. टनाला १० किलो सल्फर, सगळं सल्फोन करायचं तर हिशोबानेच ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड ७० किलोच्या आसपास लागतं, प्रत्यक्षात जास्तच. इतकं पेरॉक्साइड गरम तेलात? टाकीला आतून गंज असला तरी पेरॉक्साइडचं विघटन होतं, ऑक्सिजन सुटतो, उष्णता वाढत जाते आणि भोवती जळणारं तेल. आणि पेरॉक्साइड लागलेलं काहीही अॅसिटोनने धुवायचं नाही, त्यातून स्फोटक तयार होतं.

सप्लायरकडे त्याच बॅचचा बीईटी रिपोर्ट (पृष्ठभाग मोजल्याचा) मागा, छिद्रांचा आकार मागा, पावडर किती डिग्रीला भाजली ते विचारा. जास्त भाजली की रुटाइल होतं, छिद्रं मिटतात आणि तो ३०० चा आकडा कागदावरच राहतो. तो हे देत नसेल तर व्यवहार सोडा. देत असेल तरी ड्रमची ऑर्डर देण्याआधी प्रोसेस सेफ्टीवाला इंजिनिअर जागेवर आणून दाखवा, आणि निघालेलं सल्फोन कुठे टाकणार ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारा.