ड्रॅगनमधला मासा

फिनिश भाषेत ड्रॅगनला 'लोहिकॅर्मे' म्हणतात. 'लोहि' म्हणजे सामन मासा आणि 'कॅर्मे' म्हणजे साप. ड्रॅगनमध्ये हा मासा कुठून आला आणि सामनच्या तांबूस मांसामुळे 'लोहि'चं संस्कृत 'लोहित'शी (म्हणजे तांबडा) नातं असेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

'लोहित'चा इथे काहीही संबंध नाही. खरं तर माशाचाही नाही!

फिनलंड 1809पर्यंत, म्हणजे काही शतकं, स्वीडनच्या राज्याचा भाग होता. जुन्या स्वीडिशमध्ये 'फ्लोगद्राकी' असा शब्द होता, म्हणजे उडता ड्रॅगन. फिनिश लोकांनी त्याचा उत्तरार्ध भाषांतरित केला: द्राकीचा झाला साप, कॅर्मे. पूर्वार्ध मात्र कानाला आला तसाच उचलला. आता अस्सल फिनिश शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही, त्यातलं पहिलं व्यंजन गळून पडतं. स्वीडिश 'ग्लास'चं 'लासि' झालं, 'स्कोला'चं 'कोउलु', स्टॉकहोमचं तर 'तुकहोल्मा'. त्याच न्यायाने 'फ्लोग'मधला फ गेला. उरलेल्या आवाजाला जवळचा असा ओळखीचा शब्द घरात होताच, लोहि. म्हणजे मूळ अर्थ 'उडता साप', आणि आज ऐकू येतो 'सामन-साप'.

परका आवाज ओळखीच्या शब्दात बसवण्याची ही खोड आपल्यालाही आहे. पोर्तुगीज 'पांव'पासून आलेला आपला पाव पायाने कणीक तुडवतात म्हणून 'पाव', असं सांगणारे आजही भेटतात.

पण संस्कृतचा धागा शोधायची तुमची ओढ अगदीच वाया गेलेली नाही, फक्त तुम्ही शब्दाचं चुकीचं टोक धरलंत. 'कॅर्मे' हा शब्द फिनिशने बाल्टिक भाषांकडून फार पूर्वी घेतला असं मानतात. त्यांतल्याच लिथुआनियनमध्ये 'किर्मिस' म्हणजे किडा, अळी. आणि हा 'किर्मिस' आपल्या 'कृमी'चा सख्खा भाऊ आहे. मला तरी या शब्दातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. उत्तरेच्या बर्फातल्या ड्रॅगनच्या शेपटाकडे आपला कृमी वळवळतोय.

आणि तुम्ही शोधत होतात तो तांबडा रंगही याच टोकाला सापडतो. फारसीत 'किर्म' म्हणजे किडा. लाल रंग देणाऱ्या किड्यावरून 'किरमिज' आणि त्यावरून आपला किरमिजी.