'गोरिला' या शब्दाचा मूळ अर्थ काय? तो आफ्रिकन आहे की ग्रीक?

'गोरिला म्हणजे केसाळ बाई' हा अर्थ सगळीकडे सापडतो, पण ते मुळात वर्णन आहे. कुणीतरी ते अर्थ म्हणून उतरवलं आणि पुढे सगळ्यांनी तेच गिरवलं.

शब्द मिळतो तो हॅनो या कार्थेजच्या दर्यावर्दीच्या प्रवासवृत्तात. कार्थेज आजच्या ट्युनिशियात. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुमारास तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेला उतरला. मूळ प्युनिक (कार्थेजच्या भाषेतला) मजकूर गेला, ग्रीक भाषांतर तेवढं उरलं. त्याच्या शेवटी एक बेट येतं, 'रानटी माणसांनी' भरलेलं. त्यांत बायका जास्त, अंगभर केस, आणि 'दुभाषे त्यांना गोरिल्लाई म्हणत'. पुरुष कडे चढून निसटले. तीन बायका हाती लागल्या, पण त्या चावू-ओरबाडू लागल्या. म्हणून त्यांना मारून कातडी सोलून कार्थेजला आणली. शिधा संपल्यामुळे सफर तिथेच थांबली.

म्हणजे शब्द दुभाष्यांच्या तोंडचा, ग्रीकांनी फक्त आपलं स्त्रीलिंगी अनेकवचन लावलं. दुभाषे कुठल्या भाषेतून बोलत होते हे मजकुरात नाही, त्यामुळे व्युत्पत्ती तिथेच अडते. ते प्राणी खरंच गोरिला होते का? मला शंका आहे. पाठलाग होताच नर पळून जातात हे गोरिलाच्या वागण्याशी जुळत नाही. सिल्व्हरबॅक, म्हणजे रुपेरी पाठीचा प्रौढ नर, उलट अंगावर येतो. चिंपांझी किंवा चक्क माणसंही असू शकतील.

आजच्या प्राण्याला हे नाव मिळालं 1847 मध्ये. अमेरिकन मिशनरी-डॉक्टर थॉमस सॅव्हेज याला गॅबन नदीकाठी मोठ्या, अनोळखी कवट्या दिसल्या. स्थानिक म्पोंग्वे लोकांकडे त्या प्राण्याला स्वतःचं नाव होतं. सॅव्हेजने मात्र शरीररचनातज्ज्ञ जेफ्रीज वायमनच्या जोडीने हॅनोचा शब्द उचलला आणि 'ट्रोग्लोडायटीस गोरिला' असं नाव दिलं. यातलं पहिलं नाव टिकणारं नव्हतं, कारण ते आधीच रेन या चिमुकल्या पक्ष्याच्या प्रजातीला (जीनस) दिलेलं होतं. 1852 मध्ये इझिदोर जॉफ्र्वा सेंत-इलेर यांनी 'गोरिला' हीच प्रजाती केली. म्हणून पश्चिमेकडच्या सखल भागातल्या गोरिलाचं पूर्ण शास्त्रीय नाव 'गोरिला गोरिला गोरिला' असं होतं: प्रजाती, जाती, उपजाती. छपाईची चूक नाही ती.

आता मराठीतला घोळ. 'गोरिला युद्ध' लिहितात त्याचा या प्राण्याशी काडीचाही संबंध नाही. तो शब्द स्पॅनिश: 'गेर्रा' म्हणजे युद्ध, त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून छोटं युद्ध. 1808 नंतर नेपोलियनच्या फौजांविरुद्धच्या लढाईमुळे तो युरोपभर पसरला. आपल्याकडे गनिमी कावा असताना ती उसनवारी कशाला, हा वेगळा प्रश्न. लिहायचाच असेल तर 'गुरिल्ला' लिहा. आणि प्राण्याच्या नावात 'रि' ऱ्हस्वच ठेवा, नाहीतर 'गोरीला' म्हणजे गोऱ्या मुलीला, असं वाचलं जाईल.