वस्तीतला रोजगार आणि अनुदान: वाचकांचे प्रश्न

आमचे मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले आहे. वस्तीतल्या तरुणांसाठी प्रशिक्षण वर्ग काढायचा म्हणून एका कंपनीकडे सीएसआर निधी (कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्च करायचा पैसा) मागितला, तर "नोंदण्या पूर्ण करून या" असे उत्तर मिळाले. काय राहिले असेल?

धर्मादाय नोंदणी ही फक्त पहिली पायरी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालचा पैसा बाहेरच्या सार्वजनिक न्यासाला, सोसायटीला किंवा कलम ८ कंपनीला (म्हणजे ना-नफा कंपनीला) द्यायचा, तर त्या संस्थेकडे प्राप्तिकर खात्याची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी असावी लागते. शिवाय तशाच स्वरूपाच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. गणेशोत्सवाची आणि रक्तदान शिबिरांची छायाचित्रे इथे उपयोगी पडत नाहीत. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घेणेही सक्तीचे आहे. त्यावर संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची डिजिटल सही आणि सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटचे प्रमाणन लागते.

बऱ्याच मंडळांचे घोडे मात्र याआधीच अडते. विश्वस्त बदललेले असतात, पण धर्मादाय कार्यालयात तसा बदल अर्ज दिलेला नसतो किंवा वर्षानुवर्षे प्रलंबित असतो. मग परिशिष्ट १ च्या (धर्मादाय कार्यालयातल्या न्यास नोंदवहीच्या) नकलेवर जुनी नावे, बँकेत दुसरी आणि प्रस्तावावर तिसरीच. निधी मागण्याआधी हे निस्तरा, वेळ यालाच लागतो. तोवर घाई असेल तर पात्र संस्थेच्या नावावर प्रकल्प घ्या आणि वस्तीतले काम तुम्ही करा. मात्र कोणते काम कोणाचे आणि पैसे कधी मिळणार, हे लेखी ठरवून घ्या.

दर प्रशिक्षणार्थी खर्चात आम्ही महाग ठरतो. दुसरी संस्था जवळजवळ निम्म्यात करते म्हणे. दर कमी करावा का?

नाही. आधी भागाकार बदला. समजा बारा लाखांत साठ जणांना शिकवले. दरडोई वीस हजार, दिसायला छान. त्यातले अठ्ठेचाळीस जण वर्ग पूर्ण करतात, छत्तीस नोकरीला लागतात आणि सहा महिन्यांनी चोवीस टिकलेले असतात. म्हणजे टिकलेल्या एका नोकरीमागे पन्नास हजार पडले. शेजारच्या संस्थेने सहा लाखांत साठ जण शिकवले आणि आठच टिकले, तर तिची नोकरी पंचाहत्तर हजारांची झाली. (आकडे हिशेब समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.) प्रस्तावात हे चारही टप्पे लिहा. शंभर टक्के नोकऱ्यांचे आश्वासन अनुभवी निधीदाराला खटकतेच.

मग गळती कुठे होते ते पाहा आणि तिथे पैसा ठेवा. वर्गातली गळती बहुधा वेळेमुळे होते. पाणी सकाळी सात ते नऊ येत असेल, तर साडेआठच्या वर्गाला बायका येणार नाहीत, कितीही चांगला शिक्षक ठेवा. लहान मुलांना सांभाळायला एक बाई आणि एक खोली, हा खर्च अंदाजपत्रकात बिनदिक्कत दाखवा. तो शिकवण्याचाच खर्च आहे.

नोकरीच्या उंबरठ्यावरची गळती कागदांमुळे होते. आधार, बँक आणि शाळेचा दाखला यांवर नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, आणि पीएफचा यूएएन (सदस्य क्रमांक) काढताना हे उघडकीला येते. प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात सर्वांचे कागद तपासा, दुरुस्तीला दोन-तीन महिने हाताशी राहतात.

सर्वांत महागडी गळती रुजू झाल्यानंतरची. पाच तारखेला लागलेल्या मुलाच्या हातात पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला पडतो. तेवढे पस्तीस दिवस बसभाडे आणि जेवण आणायचे कुठून? उधारी झाली की तो रोजंदारीवर परततो. या दिवसांचा प्रवासखर्च आणि तीन महिने दर आठवड्याला फोन करणारा एक माणूस, या दोन ओळी अंदाजपत्रकात हव्यातच. निधीदार कात्री लावू लागला तर प्रशिक्षणार्थींची संख्या कमी करा, या ओळींना हात लावू देऊ नका.

कंपनी म्हणते, प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर देता येत नाही. आमच्या समन्वयकाचा पगार कसा बसवायचा?

ही गल्लत सर्रास होते. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासनाला आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्यात मोडत नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. समन्वयकाचा पगार "प्रशासन" या शीर्षाखाली न लिहिता प्रकल्प अंमलबजावणीत लिहा, आणि त्याची हजेरी व कामाची नोंद ठेवा. परदेशी निधीची गोष्ट वेगळी. तिथे परदेशी देणगी कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीपासून प्रशासकीय खर्चावरची वीस टक्क्यांची मर्यादा खुद्द संस्थेलाच लागू आहे.

सरकारी कौशल्य योजनेत काम घ्यावे का?

हातात खेळते भांडवल असेल तरच. केंद्राच्या कौशल्य योजनांसाठीच्या २०१५ च्या सामाईक निकषांनी पैसे देण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यात ३० टक्के रक्कम तुकडी सुरू झाल्यावर मिळते, ५० टक्के प्रशिक्षण व प्रमाणपत्रानंतर आणि उरलेले २० टक्के नोकरीच्या निकालावर. निकाल म्हणजे प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी ७० टक्के जण तीन महिन्यांत कामाला लागणे. परीक्षा लांबली की मधला हप्ता लांबतो, पण जागेचे भाडे आणि शिक्षकांचे पगार थांबत नाहीत. करार करण्यापूर्वी त्या योजनेचे सध्याचे हप्ते कागदावर महिनावार मांडा. सर्वांत खोल खड्डा कोणत्या महिन्यात पडतो आणि तो कशाने भरणार, याचे उत्तर नसेल तर तुकडी लहान घ्या.

पन्नास शिलाई यंत्रे वाटली तर पन्नास रोजगार निर्माण झाले असे अहवालात लिहावे का?

लिहू नका. ती यंत्रवाटप झाली. निदान सहा महिन्यांचे काम आणि त्यातून आलेली कमाई वहीत दिसली, तर रोजगार म्हणा. यंत्राआधी मागणी शोधा. गणवेशाचे काम मिळाले तरी ते हंगामी असते, उरलेल्या महिन्यांचे काय?

कारखानदार पत्र देतात, पण वर्ग संपल्यावर मुले घेत नाहीत.

"गरजेनुसार विचार करू" अशा पत्राला किंमत नाही. पत्रात पद, संख्या, महिना, हातात येणारा पगार, पाळी आणि मुलाखत घेणाऱ्याचा हुद्दा हवा. शेवटच्या बाबीची टाळाटाळ झाली तर समजून घ्या की मनुष्यबळ विभागाला या पत्राचा पत्ताच नाही.

तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे कायद्याने बंधनकारक आहे, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. म्हणून नोकरी न मागता आधी ही जागा मागा. करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवला, तर विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्राच्या योजनेतून मिळू शकतो. करार नोंदवलेला नसेल तर ते शिकाऊपण कागदोपत्री नसतेच. मुदत संपल्यावर कायम करण्याची सक्ती मालकावर नाही, पण त्याबाबतचे स्वतःचे धोरण प्रत्येक आस्थापनेने ठरवायचे असते. त्या धोरणाची प्रत तुकडी पाठवण्याआधीच मागून घ्या.