पडद्यावरचा शब्द वहीत उतरावा म्हणून

प्रश्न : मी मराठी शाळेत तिसरीला शिकवते. वर्गातल्या टीव्हीसाठी शुद्धलेखनाच्या चाळीस स्लाइड केल्या आहेत. वर चित्र, खाली उडत येणारा शब्द, टाळ्यांचा आवाज. मुले रमतात, पण श्रुतलेखनात ‘फुल’, ‘विट’, ‘नदि’ येतेच. काय बदलू?
– एक शिक्षिका, कळवा

उत्तर : शब्द सतत समोर असला की मूल तो आठवत नाही, नुसता उतरवते. लेखन पक्के होते ते शब्द डोळ्यांआड झाल्यावर. म्हणून स्लाइडने शब्द वेळेवर लपवला पाहिजे.

एका शब्दाला चार स्लाइड द्या. पहिलीवर चित्र आणि शब्द; सगळ्यांनी एकदा मोठ्याने वाचायचा आणि पहिली वेलांटी की दुसरी, ते बोलून दाखवायचे. दुसरीवर फक्त शब्द, ३ सेकंद. तिसरी कोरी, आता वहीत लिहायचे. चौथीवर शब्द परत येतो आणि प्रत्येकाने आपले अक्षर न् अक्षर ताडून चूक स्वतः दुरुस्त करायची. ही चौथी पायरी घाईत गाळू नका, खरे शिकणे तिथेच होते. एका तासिकेत सहा शब्द पुरे. उडते शब्द आणि टाळ्या काढून टाका. मूल वेलांटीऐवजी हालचाल बघते.

‘फूल’ म्हटले काय आणि ‘फुल’ म्हटले काय, बोलताना कानाला फरक जाणवत नाही. त्यामुळे नुसते ऐकून लिहिणारे मूल चुकणारच. त्याला नियम दिसला पाहिजे आणि तो जोड्यांत छान दिसतो : फूल–फुले, वीट–विटा, चूल–चुली, जीभ–जिभेला. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर आधीचा इकार-उकार दीर्घ. शब्द पुढे वाढला की तोच ऱ्हस्व. शब्दाच्या अगदी शेवटी आला तर दीर्घ : नदी, वाळू. ‘गुण’, ‘विष’ हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत, ते महिनाभर बाजूला ठेवा.

ठाण्याच्या मुलांसाठी ट्रान्सहार्बरची, म्हणजे ठाण्याहून वाशी-नेरूळकडे जाणाऱ्या लोकलची स्थानके हाताशी आहेत. नेरूळमध्ये ‘रू’ दीर्घ, दिघ्यात ‘दि’ ऱ्हस्व, तुर्भेत जोडाक्षराआधी ‘तु’ ऱ्हस्व, वाशी आणि घणसोलीत शेवट दीर्घ. मात्र पाट्यांचे फोटो तसेच लावू नका, ‘नेरुळ’ही लिहिलेले आढळते. ‘यातले बरोबर कोणते?’ अशी स्लाइडही नको. चुकीचे रूपही डोळ्यांत तितकेच बसते.

आता टंकाचे, म्हणजे फॉन्टचे. घरी जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात केलेली फाइल शाळेच्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हे दिसतात, युनिकोडच वापरा. ‘ल’ आणि ‘श’ पाठ्यपुस्तकासारखेच दिसतात ना, तेही पाहा. काही टंकांत ते हिंदी वळणाचे असतात. फक्त वेलांटी रंगवायला गेलात तर बहुधा अख्खे अक्षर रंगते, नाहीतर वेलांटी सुटून टिंबांच्या वर्तुळावर बसते. त्यापेक्षा वेलांटीभोवती लाल गोल काढा. अक्षराचा आकार ९६च्या पुढे ठेवा आणि शेवटच्या बाकावर बसून स्वतः वाचून बघा. पायऱ्या ॲनिमेशनने न करता वेगळ्या स्लाइडवर असल्या की पीडीएफ करूनही चालते. मग ३ सेकंद मनात मोजायचे.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. मोबाइलवर स्लाइड दाखवून शब्द करून घेते. त्या दिवशी सगळे येतात, दोन दिवसांनी अर्धे विसरते.
– एक आई, नेरूळ

उत्तर : एकाच दिवशी दहादा दाखवू नका. आज, उद्या, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने, असे एकेकदा घ्या. पहिल्या दिवसानंतर सुरुवात कोऱ्या स्लाइडपासून : तुम्ही शब्द सांगा, तिने लिहावा, मगच दाखवा. मोबाइल तुमच्याच हातात असू द्या, नाहीतर बोट मागे सरकते आणि शब्द पुन्हा बघितला जातो. चुकलेले शब्द तेवढे दुसऱ्या दिवशीच्या यादीत घाला. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर ठसठशीत लिहून, दाखवून, पालथी घातली तरी हेच काम होते.